नागीण गेली, आग राहिली

गेल्या भातकापणीच्या वेळी आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध शेतकरी आम्हास भेटले. अंगात सदरा नव्हता. डाव्या बरगडीला कापड लागले की विस्तव ठेवल्यासारखे होते, असे ते म्हणाले. चार महिन्यांपूर्वी त्यांना नागीण झाली होती. गेरूचा लेप दिला, मंत्र घातला; काही आठवड्यांत फोड सुकले, पण आग गेली नाही. घरची माणसे म्हणत, "फोड गेले, मग दुखते कसले?"

ते दुखणे खरे असते. लहानपणच्या कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचे विषाणू कण्याजवळ मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतात. उतारवयात प्रतिकारशक्ती घटली की ते जागे होऊन त्या तंतूच्या वाटेने कातडीवर येतात. म्हणून फोड बहुधा एकाच बाजूला पट्ट्यासारखे उठतात. नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही समजूत खोटी आहे.

पण यात तंतू जखमी होतो. विहिरीवरील मोटारीच्या वायरीचे वेष्टण सोलले की वीज भलतीकडे जाते ना? तसा हा तंतू कारण नसताना मेंदूकडे वेदनेचे निरोप धाडत राहतो. साठी उलटलेल्यांत हे अधिक आढळते.

यासाठी काय करावे?

1. फोड दिसताच डॉक्टर गाठावा. असायक्लोव्हिरसारखे औषध पहिल्या 72 तासांत सुरू झाल्यास उत्तम. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकावर फोड असतील तर त्याच दिवशी जावे.

2. फोड ओले असेपर्यंत झाकून ठेवावेत. तान्ही मुले व कांजिण्या न झालेल्या गरोदर स्त्रिया यांच्यापासून दूर राहावे.

3. वेदना मागे राहिलीच, तर साध्या गोळ्यांनी फारसा गुण येत नाही. अमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन ही औषधे तंतूंचे खोटे निरोप कमी करतात. डॉक्टर ती थोड्या मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. गुंगी येते, म्हणून ट्रॅक्टर चालवू नये. आपल्या मनाने गोळ्या एकदम बंदही करू नयेत.

4. पन्नाशीनंतर घेण्याची, दोन डोसांची प्रतिबंधक लस 2023 पासून भारतात मिळते. ती महाग आहे. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

ते आजोबा आता सैल सुती सदरा घालून रविवारी मिस्सेला येतात. दुखणे पुरते गेलेले नाही, पण रात्री झोप लागते. आजाऱ्याची विचारपूस करणे हे दयेचे काम आहे. त्याचे न दिसणारे दुखणे खरे मानणे, हेही त्यातच येते.