परदेशी विद्यार्जन व प्रकृतीची काळजी

विद्यार्थिमित्रहो, पुसेगावासारख्या गावातील मुलानेही विलायतेस किंवा अमेरिकेस शिकावयास जाण्याचे मनात आणावे, असा हा काळ आहे. अशा वेळी फीची, तिकिटाची व कपड्यांची चिंता सर्वांस पडते. मात्र ज्या शरीराच्या बळावर विद्या संपादन करावयाची, त्याचा विचार बहुधा शेवटी होतो. तो आधी का व्हावा, हे एका थोर विद्यार्थिनीच्या चरित्रावरून सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

डॉ. आनंदीबाई जोशी 1883 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस गेल्या. डोकेदुखी, अशक्तपणा व मधूनमधून येणारा ताप ही दुखणी निघण्यापूर्वीच त्यांच्या मागे लागली होती. फिलाडेल्फियाची थंडी व न मानवणारा आहार यांनी प्रकृती अधिकच खालावली. तथापि अभ्यास न सोडता त्यांनी मार्च 1886 मध्ये वैद्यकाची पदवी मिळविली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूकही झाली. परंतु कामावर रुजू होण्यापूर्वीच, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, क्षयाने त्यांचा अंत झाला. वयाची 22 वर्षेही पुरी झाली नव्हती.

क्षयाचे जंतू शरीरात कित्येक वर्षे निपचित पडून राहतात व शक्ती क्षीण झाली की डोके वर काढतात. रॉबर्ट कॉख यांनी हे जंतू 1882 साली शोधिले; पण त्यांवरील पहिले गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, 1943 साली हाती आले. आनंदीबाईंपाशी उपायच नव्हता. आपणांपाशी तो आहे, व सरकारी दवाखान्यात विनामूल्य आहे. मग दुखणे लपविण्यास धैर्य कसे म्हणावे?

म्हणून निघण्यापूर्वी संपूर्ण तपासणी करून घ्यावी. सहा महिन्यांहून अधिक काळ ब्रिटनमध्ये राहावयाचे असल्यास क्षयाच्या तपासणीचा दाखला लागतोच. अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठे गोवराच्या लशीचा पुरावा मागतात. यास्तव बालपणीचे लसीकरणाचे कार्ड जपून ठेवावे. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावी, कारण येथे सहज मिळणारे औषध तेथे निषिद्ध असू शकते.

आरोग्यविम्याचा कागद नीट वाचावा. जुन्या आजाराचा खर्च त्यात येतो काय व स्वतःस किती भरावे लागेल, हे जाणून घ्यावे. ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेचा आकार व्हिसाबरोबरच भरावा लागतो. तरी पोहोचताच जवळच्या दवाखान्यात नाव नोंदविणे अवश्य आहे. संकटकाळी अमेरिकेत 911, ब्रिटनमध्ये 999 व युरोपातील बहुतेक देशांत 112 हा क्रमांक फिरवावा. भारतीय वकिलातीतही आपली नोंद करावी. 2022 साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले, तेव्हा हजारो भारतीय विद्यार्थ्यांस सरकारला विमानांनी परत आणावे लागले, हे विसरू नये.

शेवटी पालकांस एक विनंती. घरच्यांना काळजी नको, म्हणून मूल ताप लपविते व मनाची उदासीही लपविते. एवढा खर्च केला, याची आठवण प्रत्येक वेळी दिल्यास ते अधिकच गप्प बसेल. दूरध्वनीवर गुणांची चौकशी मागाहून करावी, प्रथम विचारावे, “जेवलास का? झोप लागते का?” आणि विद्यार्थ्याने खरे तेच उत्तर द्यावे. वेळेवर सांगितलेले दुखणे बहुधा बरे होते.