पिवळा दिवा लागला म्हणून लगेच कॅट-कॉन बदलू नका

सिरोंचा, एटापल्ली किंवा भामरागडहून पेट्रोलची गाडी चंद्रपूरला निघाली आणि वाटेत मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, की गाडीवाल्याचा जीव टांगणीला लागतो. गॅरेजात स्कॅनर लावल्यावर पी०४२० हा कोड निघाला तर पुष्कळदा एकच निदान ऐकू येतं: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट-कॉन) गेला, नवा टाका. काही हजारांचा हा खर्च बऱ्याच वेळा टाळता येतो, म्हणून या कोडभोवतीचे गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज : कोड आला म्हणजे कन्व्हर्टर संपला.

कन्व्हर्टरच्या आत काय चाललंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला थेट दिसत नाही. सायलेन्सरच्या पाइपात कन्व्हर्टरच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो आणि नंतर एक. आतल्या सिरॅमिक जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो आणि सोबत ऑक्सिजन साठवून ठेवणारं सेरियमचं संयुग. हा साठा शाबूत असेल तर पुढचा सेन्सर कितीही वरखाली झाला तरी मागचा जवळपास स्थिर राहतो. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला की कॉम्प्युटर हा कोड नोंदवतो. म्हणजे कोड हा एक अंदाज आहे, आणि अंदाज चुकवणारी कारणं अनेक असतात.

आपल्याकडे त्यातले पहिले तपासावेत ते सायलेन्सरचे गळते सांधे. खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी रोज आदळली की पाइपाचे बोल्ट ढिले होतात, गॅस्केट फाटते. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरची गफलत होते. गाडी थंड असताना सुरू करा, खाली वाकून फुसफुस ऐका, सांध्यापाशी काजळीचा काळा डाग दिसतो का पाहा. दीडदोनशे रुपयांच्या गॅस्केटचं काम असेल, तर कन्व्हर्टर बदलण्यात काय अर्थ?

त्यानंतर स्कॅनरवर सोबतचे कोड पाहायला सांगा. पी०३०० ते पी०३०४ यांपैकी काही असेल तर गाडी मिसिंग करते आहे. आधी प्लग, कॉइल, इंजेक्टर. मिसिंग तशीच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला तर तोही जळेल. गाडी ऑइल खात असेल किंवा कूलंट कमी होत असेल तरी तेच, कारण ऑइलमधला फॉस्फरस धातूंच्या थरावर बसतो.

हे सगळं ठीक निघालं तर गाडी चांगली तापवून, इंजिन २५०० फेऱ्यांवर धरून सेन्सरचे आकडे पाहावेत. जुन्या पद्धतीचा पुढचा सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये झुलतो, मागचा ०.६-०.७ च्या आसपास टिकून राहायला हवा. तोही झुलत असेल तर कन्व्हर्टर खरोखर थकलेला आहे. मागचा एकाच आकड्यावर चिकटून बसला असेल तर आधी सेन्सर आणि त्याची वायर तपासा. उंदरांनी कुरतडलेली वायर रानालगतच्या गावांत नवी नाही.

गैरसमज : चंद्रपूरच्या उन्हानं आणि कोळशाच्या धुळीनं कन्व्हर्टर जळतो.

मे महिन्यात इथं पारा ४६-४७ अंशांवर जातो हे खरं. पण कन्व्हर्टर कामच करतो ४०० ते ८०० अंशांत. धूळ एअर फिल्टर अडवतो, फिल्टर मात्र लवकर बदला. कन्व्हर्टरला मारते ती मिसिंग. न जळलेलं पेट्रोल त्याच्या आत जळतं, उष्णता हजार अंशांपलीकडे जाऊन जाळी वितळू शकते. म्हणूनच दिवा स्थिर असेल आणि गाडीची ओढ ठीक असेल तर सावकाश शहरापर्यंत जाता येतं. मिसिंगमुळे दिवा उघडमीट करू लागला तर वेग कमी करून लवकरात लवकर थांबा.

थांबताना मात्र वाळलेल्या गवतावर किंवा सागाच्या पाचोळ्यावर गाडी लावू नका. तापलेला कन्व्हर्टर गवत पेटवू शकतो, आणि मोहफुलं व तेंदूपानाच्या हंगामात जंगलात माणसं असतात. कन्व्हर्टरखालचा उष्णतारोधक पत्रा वाजतो म्हणून काही ठिकाणी काढून फेकतात. जंगलात फिरणाऱ्या गाडीचा तो पत्रा काढू देऊ नका; बोल्ट बदलून घट्ट करून घ्या.

गैरसमज : कोड पुसला की झालं. कारण तसंच असेल तर काही दिवसांत दिवा परत लागतो. शिवाय कोड नोंदवला त्या क्षणीचा वेग, तापमान, इंजिनावरचा भार ही नोंदही पुसली जाते. पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

गैरसमज : पीयूसी पास, म्हणजे कन्व्हर्टर ठीक. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. कन्व्हर्टरनं कमी करायची असतात ती नायट्रोजनची ऑक्साइडं मोजतच नाहीत.

गैरसमज : आतली जाळी फोडून काढली की अॅव्हरेज वाढतं. चोंदलेली जाळी काढल्यावर ओढ सुधारते, म्हणून हा समज पसरला. धड कन्व्हर्टर काढून असा काही फायदा हाती लागत नाही, दिवाही कायम राहतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार प्रदूषणाची मानकं मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि औष्णिक वीजकेंद्र, कोळसा खाणी यांचा धूर चंद्रपूरकर आधीच श्वासात घेत आहेत. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांत चंद्रपूरचं नाव घातलं होतं. त्यात आपल्या गाडीची भर नको.

सगळ्या तपासण्यांनंतर कन्व्हर्टर खरोखर गेलेला निघाला, तर आधी गाडीची वॉरंटी पाहा. बदलावाच लागला तर जुना भाग मागून घ्या किंवा बिलात त्याची किंमत वळती करायला सांगा. त्यातल्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमला भंगारातही चांगला भाव मिळतो.