कळवळा पुरेसा नाही, पुरावा हवा

प्राण्यांविषयी कळवळा असणे वेगळे आणि त्यांना नेमके काय हवे, हे पुराव्यानिशी सांगणे वेगळे. प्राण्यांचे वर्तन व कल्याण या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण याच फरकावर उभे आहे. एडिंबरो विद्यापीठात असा अभ्यासक्रम १९९० मध्ये सुरू झाला.

या शास्त्राची गरज एका उदाहरणातून स्पष्ट होते. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या ब्रॅम्बेल समितीने १९६५ मध्ये कोंबड्यांच्या पिंजऱ्यांना बारीक षटकोनी जाळीचा तळ नसावा, अशी शिफारस केली. हेतू दयेचाच होता. मात्र, १९७३ मध्ये ह्यूजेस आणि ब्लॅक या संशोधकांनी कोंबड्यांपुढे निरनिराळे तळ ठेवले, तेव्हा त्यांनी त्याच जाळीला पसंती दिली!

अर्थात, जे आवडते ते हिताचे असतेच असे नाही. त्यामुळे विद्यार्थ्यांना वर्तनाच्या नोंदींबरोबरच ताण दर्शविणारी संप्रेरके, इजा व आजार यांचे मोजमाप आणि संख्याशास्त्र शिकावे लागते. युरोपीय संघात २०१२ पासून पारंपरिक पिंजऱ्यांवर बंदी आली. असे निर्णय लाखो शेतकऱ्यांच्या खर्चावर आणि कोट्यवधी मुक्या जिवांच्या आयुष्यावर परिणाम करतात. ते केवळ माणसाच्या अंदाजावर सोपविणे प्राण्यांच्याही हिताचे नाही.