बदललेल्या स्प्रिंगा आणि रस्त्याचा परवाना

पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर हल्लीं दोन प्रकारच्या मोटारी चटकन नजरेंत भरतात. एका प्रकारच्या मोटारीचें पोट आतां रस्त्याला टेंकतें कीं काय असें वाटतें. दुसऱ्या प्रकारची मोटार उंच टाचांचे जोडे घातल्यासारखी इतरांच्या डोक्यावरून पाहत असते. दोहोंचें मूळ एकच. कारखान्यानें बसविलेल्या स्प्रिंगा आणि शॉक ॲब्झॉर्बर काढून मालकानें त्यांच्या जागीं आपल्या आवडीच्या वस्तु बसविलेल्या असतात. हौसेला मोल नसतें हें खरें. परंतु गाडी रस्त्यावर आणली कीं ती एकट्या मालकाची राहत नाहीं. समोरून येणाऱ्याचा, पायीं चालणाऱ्याचा आणि मागच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या आईचाही तिच्याशीं संबंध येतो. तेव्हां असा बदल केलेली गाडी रस्त्यास योग्य आहे कीं नाहीं हें कोणीं आणि कशाच्या आधारावर ठरवावयाचें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. या बाबतींत जर्मनीनें जी व्यवस्था लावून दिली आहे ती मला विशेष अभ्यसनीय वाटते. मुख्यतः तिच्याविषयीं सांगेन आणि मग आपल्याकडील कायद्याकडे वळेन.

प्रथम स्प्रिंग काय करते तें पाहूं. गाडीच्या भारानें स्प्रिंग दबते. हा दाब २५ सेंटिमीटर असेल तर गाडी आपल्या स्प्रिंगांवर साधारण एका सेकंदास एक झोका घेते. स्प्रिंग कडक करून दाब १६ सेंटिमीटरवर आणला तर चार सेकंदांत पांच झोके होतात. हें गणित लंबकाच्या गणितासारखेंच आहे. मॅट्रिकच्या वर्गांतील मुलास तें सुटावें. आतां ही स्प्रिंग कडक कशानें होते? तारेची जाडी १२ मिलिमीटरची १३ केली तर, बाकी सर्व तसेंच ठेवून, कडकपणा सुमारें ३८ टक्क्यांनीं वाढतो, कारण येथें जाडीचा चतुर्थ घात लागतो. वेढे कमी केले तरीही कडकपणा वाढतो. आठ वेढ्यांपैकीं एक कापला तर तो सप्तमांशानें चढतो.

हें शेवटचें वाक्य ध्यानांत ठेवावें. गाडी खालीं बसवावयाची म्हणून स्प्रिंगेचा एक वेढा ग्राइंडरनें कापून टाकणारे मिस्त्री आपल्याकडे कमी नाहींत. काम अर्ध्या दिवसांत होतें आणि खर्च नाममात्र येतो. परंतु स्प्रिंग आंखूड झाली, कडक झाली, आणि तिचा झोका थोपविणारा शॉक ॲब्झॉर्बर मात्र जुन्या स्प्रिंगेच्या हिशेबाचाच राहिला. त्याहून वाईट म्हणजे, चाक खड्ड्यांत लोंबकळलें कीं ती आंखूड स्प्रिंग आपल्या बैठकींतून मोकळी होते आणि चाक वर येतांना ती पुन्हा जागेवर बसेलच अशी खात्री नसते.

दुसरें उदाहरण दिव्यांचें घेऊं. समोरच्याचे डोळे दिपूं नयेत म्हणून खालच्या झोताचा कल साधारण शेंकडा एक ठेवितात. म्हणजे १० मीटरांवर झोत १० सेंटिमीटर खालीं उतरतो. गाडीच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर २.७ मीटर धरा. ही गाडी केवळ पुढच्या बाजूनें २७ मिलिमीटर, म्हणजे दोन बोटें देखील नव्हे, उचलली कीं तिचा कल नेमका शेंकडा एकानें बदलतो आणि झोत सपाट होऊन थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मालकाला आपण फक्त स्प्रिंगा बदलल्या असें वाटतें. वस्तुतः त्यानें दिवेही बदलले, चाकांची मांडणीही बदलली, आणि वळणावर गाडी ज्या बेतानें झुकते तो बेतही बदलला. अलीकडील मोटारींत समोरच्या कांचेमागें कॅमेरा असतो आणि गाडी घसरूं लागतांच आपोआप ब्रेक लावणारी योजना असते. कॅमेरा रस्त्याकडे कोणत्या कोनांतून पाहील आणि घसरत्या गाडीला कसें सांवरावयाचें, हें कारखान्यानें मूळ उंची व मूळ स्प्रिंगा धरून ठरविलेलें असतें.

जर्मनींतील तपासणीची परंपरा मोटारीहूनही जुनी आहे. १८६५ च्या जानेवारींत मानहाइम शहरांत बीअरच्या एका कारखान्यांतील वाफेचा बॉयलर फुटला. त्या काळीं बॉयलर फुटणें ही नवलाई नव्हती. परंतु मानहाइमच्या आसपासच्या कारखानदारांनीं सरकारची वाट न पाहतां १८६६ सालीं आपली एक संस्था काढली आणि आपापल्या बॉयलरांची नियमित तपासणी तिच्याकडे सोंपविली. पुढें अशा संस्था ठिकठिकाणीं निघाल्या आणि त्यांना 'त्यूफ' हें संक्षिप्त नांव पडलें. तांत्रिक देखरेख मंडळ असा त्याचा अर्थ. बॉयलरांमागून मोटारीही त्यांच्या अंगणांत आल्या. १९२५ सालीं बर्लिनमध्यें स्थापन झालेली 'देक्रा' ही संस्थाही आज हेंच काम करिते. १९५१ पासून तेथें मोटारींची ठराविक मुदतीनें तपासणी सक्तीची आहे. आज खाजगी गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनीं आणि पुढील दर दोन वर्षांनीं होते. उत्तीर्ण गाडीच्या मागच्या नंबरपाटीवर रंगीत चकती चिकटवितात, आणि जुनी गाडी घेणारा माणूस किमतीच्या आधीं 'त्यूफ कधींपर्यंत आहे?' असें विचारतो.

आतां स्प्रिंगांकडे येऊं. जर्मन वाहन-नियमावलीच्या १९ व्या कलमांत एक कडक तत्त्व आहे. गाडीचा मूळ प्रकारच बदलेल, इतरांस धोका संभवेल, किंवा धूर वा आवाज वाढेल असा बदल केला, तर गाडीचा चालनपरवाना आपोआप संपुष्टांत येतो. कोणी नोटीस पाठवावी लागत नाहीं. स्प्रिंगांतील बदल दुसऱ्या सदरांत पडतो. परंतु त्याच कलमानें सुटकेच्या वाटाही ठेविल्या आहेत, आणि या व्यवस्थेची खरी खुबी त्या वाटांतच आहे.

माझा एक जुना विद्यार्थी श्टुटगार्टजवळ नोकरीस आहे. त्यानें आपल्या गाडीच्या स्प्रिंगा बदलल्या तेव्हां त्यांच्याबरोबर आलेला कागद मला धाडला आणि टेलिफोनवरून त्याचा अर्थही लावून दिला. कागद कसला, ती एक छोटी पोथीच होती. ही स्प्रिंग कोणत्या गाडीस चालेल, पुढच्या आंसावर किती किलोपासून किती किलोपर्यंत भार असावा, गाडी किती खालीं बसेल, कोणत्या मापाचीं चाकें चालतील, आणि स्प्रिंगेच्या तारेवर कोणतीं अक्षरें उमटविलेलीं असतील, हें सर्व तींत होतें. स्प्रिंग विकणाऱ्या कारखान्यानेंच आधीं ती तज्ज्ञांकडून तपासून घेऊन हा अहवाल मिळविलेला असतो. म्हणजे स्प्रिंग मुळांत भक्कम आहे काय, या प्रश्नाचें उत्तर विक्रीपूर्वींच मिळालेलें असतें. ती याच गाडींत नीट बसली आहे काय, एवढाच प्रश्न मालकाच्या बाबतींत शिल्लक राहतो. प्रश्नाचे हे दोन भाग केल्यामुळें सामान्य माणसास सर्व गोष्टी झेपतात. एरवीं प्रत्येक मालकाला प्रयोगशाळा भाड्यानें घ्यावी लागली असती.

स्प्रिंगा बसविल्यावर चाकांची मांडणी जुळवून, दिवे नीट लावून, विलंब न करितां तपासणीस जावयाचें. परवाना संपुष्टांत आलेली गाडी नवा परवाना मिळविण्यासाठीं जेवढी हिंडवावी लागेल तेवढीच हिंडविण्याची मुभा असते. तपासणारा इंजिनियर प्रथम दिवा घेऊन गाडीखालीं शिरतो आणि तारेवरचीं अक्षरें कागदाशीं ताडून पाहतो. अक्षरें चिखलानें वा गंजानें वाचतां येत नसतील तर तेथेंच अडतें. मग तो गाडीचें पुढचें एक चाक आणि तिरक्या रेषेंतील मागचें एक चाक उंचवट्यावर चढवितो, म्हणजे दोन चाकें पूर्ण दबतात आणि दोन लोंबकळतात. अशा अवघडलेल्या स्थितींत तो स्टिअरिंग या टोंकापासून त्या टोंकापर्यंत फिरवून पाहतो. टायर कोठें पत्र्यास घासतें काय, ब्रेकची नळी ताणली जाते काय, लोंबकळणाऱ्या चाकाची स्प्रिंग आपल्या बैठकींत घट्ट आहे काय? कापलेल्या स्प्रिंगेचें पितळ नेमकें येथें उघडें पडतें. खालच्या झोताच्या दिव्याची कड रस्त्यापासून ५०० मिलिमीटरहून खालीं गेली नाहीं ना, हेंही मोजून पाहतात. ज्यांची उंची कमीजास्त करितां येते अशा स्प्रिंगा असतील तर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचें अंतर मोजून कागदावर लिहितात. पुढें मालकानें रात्रींतून पाना फिरवून गाडी आणखी खालीं नेली तर रस्त्यावरचा पोलीस मोजपट्टी लावून तें सांगूं शकतो.

तपासणी पार पडली कीं प्रमाणपत्र मिळतें. तें गाडींत जवळ बाळगावयाचें, आणि त्यांत सांगितलें असेल त्याप्रमाणें नोंदणी-कचेरींत गाडीच्या मूळ कागदावर चढवून घ्यावयाचें.

येथें एक मेख आहे व तींत पुष्कळजण फसतात. स्प्रिंगांचा अहवाल मूळ चाकें धरून केलेला असतो आणि रुंद चाकांचा अहवाल मूळ स्प्रिंगा धरून. दोन्ही कागद वेगवेगळे निर्दोष असले तरी दोन्ही बदल एकाच गाडींत केले तर त्या जोडीचें उत्तर कोणत्याच कागदांत नसतें. तेव्हां इंजिनियरला ती जोडी स्वतंत्रपणें पाहावी लागते. दोन औषधें निरनिराळीं गुणकारी असलीं म्हणून वैद्य तीं एकत्र देतोच असें नाहीं, तसाच हा प्रकार.

ज्या वस्तूस मुळांत अहवालच नाहीं तिच्यासाठीं एकट्या गाडीची स्वतंत्र परीक्षा करून घेण्याचीही वाट आहे. ती लांबची आणि खर्चाची आहे, आणि तिच्या शेवटीं नकार मिळण्याचा संभव असतो. ही सर्व दगदग मालक कां सोसतो? दंडाचें भय आहेच. परंतु खरें भय विम्याचें. बेकायदा बदलामुळें अपघात घडला तर विमा कंपनी जखमी माणसाची भरपाई करिते आणि मग त्यापैकीं ५,००० युरोपर्यंत रक्कम मालकाकडून वसूल करूं शकते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे कापले जाण्याची भीति वेगळीच.

आपल्याकडे काय आहे? मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें उत्पादकानें मूळ ठरविलेल्या तपशिलाशीं नोंदणी-प्रमाणपत्रांतील तपशील विसंगत होईल असा बदल मालकास करितां येत नाहीं. केरळांतून आलेल्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें ९ जानेवारी २०१९ रोजीं हें कलम ठामपणें उचलून धरलें आणि उत्पादकाचा मूळ नमुना बदलणाऱ्या फेरफारांस नोंदणी मिळणार नाहीं असें सांगितलें. त्याच वर्षीं कायद्यांत जें १८२-अ कलम आलें त्यानें कायद्यास संमत नसलेल्या फेरफाराबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागें ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठेविल्या आहेत.

म्हणजे जर्मनीनें जेथें दार ठेवून दारावर परीक्षक बसविला, तेथें आपण भिंत बांधली. पुण्यांत वेताळ टेकडीवर १९६६ सालीं स्थापन झालेली एक नामांकित वाहन-संशोधन संस्था आहे, ए.आर.ए.आय. या नांवानें ती सर्वश्रुत आहे. परंतु तिच्याकडे कारखानदार आपल्या गाडीचा नमुना घेऊन जातात. रविवार पेठेंतील एखाद्या गृहस्थानें आपल्या गाडीच्या दोन स्प्रिंगा घेऊन जाऊन शिक्का मारून आणावा, अशी तेथें सोय नाहीं.

तरी भिंतींत दोन खिडक्या आहेत. सी.एन्.जी. संच बसवावयाचा असेल तर त्या गाडीस मान्य झालेला संच, अधिकृत ठिकाणीं बसवून, परिवहन कार्यालयांत नोंद करून घेतां येते. आधीं वस्तूची परीक्षा आणि मग बसवणुकीची, हीच जर्मन रीत येथें आपण आपखुषीनें चालवीत आलों आहों. दुसरी खिडकी अपंग चालकांसाठीं आहे. त्यांच्या सोयीसाठीं ठरलेल्या अटींनुसार गाडींत बदल करून मागाहून मंजुरी घेण्याची तरतूद आहे. स्प्रिंगांसाठींही अशीच खिडकी उघडावी असें माझें मत आहे. बंदी असूनही बदललेल्या गाड्या रस्त्यावर आहेतच, आणि बंदी आहे म्हणूनच त्यांतील चांगली कोणती व घातक कोणती हें पाहणारा अधिकृत डोळा कोठेंही नाहीं. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी एकदां झाली कीं ती १५ वर्षें चालते. तेवढ्या काळांत गाडीखालीं कोण डोकावून पाहतो? अर्थात् खिडकी उघडली तर तेथें बसणारा मनुष्य दिवा घेऊन गाडीखालीं शिरणारा हवा; खुर्चींतूनच शिक्का मारणारा असेल तर भिंत बरी.

खिडकी उघडेपर्यंत घरोघरच्या मंडळींनीं काय करावें? झिजलेली स्प्रिंग वा गळका शॉक ॲब्झॉर्बर बदलून उत्पादकानें त्याच गाडीसाठीं ठरविलेला तोच भाग घालणें, हा फेरफार नव्हे. ती दुरुस्ती होय. त्याविषयीं भय बाळगूं नये. फक्त भागाचा क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा आणि पावती जपून ठेवावी. एकाच आंसावरील दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा एकदमच बदलाव्या, नाहींतर गाडी एका अंगास झुकते.

जुनी मोटार विकत घेतांना मात्र किंमत ठरविण्यापूर्वीं ती गॅरेजांत वर उचलून घ्यावी. चारी चाकें लोंबकळत असतां प्रत्येक स्प्रिंग हातानें हलवून पाहावी. ती हलतां कामा नये. नंतर तिचें खालचें टोंक पाहावें. कारखान्यांतून आलेल्या स्प्रिंगेच्या टोंकापर्यंत रंगाचा थर पोंचलेला असतो. ग्राइंडरनें कापलेलें टोंक उघडें आणि धारदार असतें, आणि बहुधा तेवढ्याच जागीं गंज चढलेला असतो.