ग्रीक घरातला न सापडलेला जनानखाना

गैरसमज : प्राचीन ग्रीक बायका घराच्या मागच्या अंगाला, दाराआड कोंडलेल्या असत.

वस्तुस्थिती : हा समज ग्रंथांतून आला. ग्रीक लेखक झेनोफोनच्या एका संवादात बायकांच्या दालनाला अडसराचं दार आहे. पण लिहिणारे सगळे पुरुष, तेही खाऊनपिऊन सुखी. म्हणून प्रत्यक्ष घरं काय सांगतात ते पाहू. अलेक्झांडरचा बाप दुसरा फिलिप यानं इ.स.पू. ३४८मध्ये उत्तर ग्रीसमधलं ऑलिंथस उद्ध्वस्त केलं. १९२८ ते १९३८ या काळात तिथं उत्खनन झालं आणि शंभरावर घरांचे पाये उघडे पडले. पुरातत्त्वज्ञ लिसा नेवेट यांनी ग्रंथांतली नावं खोल्यांना चिकटवण्याऐवजी घरांची रचना आणि तिथं सापडलेल्या वस्तू एकत्र तपासल्या. तेव्हा उभ्या मागाच्या ताण्याला लटकवायची भाजक्या मातीची वजनं कुठल्या एका ‘बायकांच्या खोली’त नव्हे, तर वेगवेगळ्या खोल्यांत आणि चौकालगतच्या पडवीतही आढळली. वेगळी ओळखू येते ती पुरुष पाहुण्यांची बैठक : भिंतींलगत पलंगांसाठी उंचवटा, आणि पलंग नीट बसावेत म्हणून दारही मधोमध न ठेवता एका बाजूला सरकवलेलं. म्हणजे बांधलेला होता पाहुणा! रस्त्यावरून आत यायला बहुधा एकच दार, त्यामुळे कोण आलं-गेलं यावर नजर राही. उरलेल्या घरात बायकांचा वावर असे.

खरं तर ग्रंथही नीट वाचायला हवे होते. लिसियास या वक्त्याच्या एका भाषणातला अथेन्सचा नवरा सांगतो, की मूल झाल्यावर त्याला आंघोळ घालायला बायकोला जिना उतरावा लागू नये म्हणून ती खाली राहायला आली नि तो वर गेला. बायकांची जागा इतक्या सहज बदलत होती.

गैरसमज : रोमन घराचं अ‍ॅट्रियम हे दर्शनी दालन म्हणजे निव्वळ दिमाखाचा दिवाणखाना, आणि पॉम्पेई म्हणजे जागच्या जागी थबकलेलं जीवन.

वस्तुस्थिती : अ‍ॅट्रियम आज रिकामं दिसतं, कारण तिथल्या वस्तू केव्हाच संग्रहालयांत आणि गोदामांत गेल्या. पेनेलोप अ‍ॅलिसन यांनी पॉम्पेईतल्या तीस घरांच्या उत्खनन-नोंदी चाळून त्या वस्तू कागदावर परत जागेवर ठेवल्या. मग त्याच दर्शनी दालनात कपाटं, पेट्या, भांडीकुंडी आणि मागाची वजनंसुद्धा दिसू लागली. थबकलेलं जीवन म्हणावं, तर इ.स. ७९च्या ज्वालामुखीच्या उद्रेकाआधी सुमारे सतरा वर्षं मोठा भूकंप झाला होता आणि डागडुजी चालूच होती. काही खोल्यांत तर गिलाव्याच्या सामानाचे ढीगच पडलेले होते.