लहान पेटी, मोठी उष्णता

खेळांसाठी घेतलेला छोटा संगणक अडखळू लागला की आपली मुले पदरमोड करून अधिक ताकदीचा भाग आणतात. पुष्कळदा तो पैसा फुकट जातो. का, ते पाहू.

संगणकात जितकी वीज शिरते, तितकी अखेर उष्णता होऊन बाहेर पडावी लागते. ‘मिनी-आयटीएक्स’ मदरबोर्ड अवघा १७ सेंटिमीटर लांब-रुंद. त्याच्या चिमुकल्या पेटीत १०५ वॅटचा ‘रायझन ७ ५८००एक्स३डी’ प्रोसेसर बसवून वर बुटका कूलर ठेवला, तर भर खेळात तापमान ९० अंश सेल्सियसच्या मर्यादेला भिडू शकते; मग प्रोसेसर आपण होऊन वेग उतरवतो.

म्हणून आधी धूळ झाडा, थर्मल पेस्ट बदला, गरम हवेला वाट द्या; पेटीत मावेल तेवढा उंच कूलर घ्या. ग्राफिक्स कार्ड निवडताना वॅट पाहा. २०२१ चे ‘आरटीएक्स ३०६०’ १७० वॅटचे. २०२३ चे ‘४०६०’ ११५ वॅटचे, तरी बहुतेक खेळांत सरस. मात्र त्याची मेमरी १२ ऐवजी ८ गिगाबाइट.

कोंदट कारखान्यात माणसे वाढवून काम वाढत नाही. आधी भिंतीला खिडकी पाडावी लागते. यंत्र उकाड्याने मंदावले तर त्याला कोणी कामचोर म्हणत नाही. माणसालाही तोच न्याय हवा.