कर्करोगाचा आहार आणि खुणेचा कार्बन

घरांत महिन्याकांठीं किती धान्य आलें, हें वाण्याच्या वहीवरून कळतें. परंतु त्यांतलें किती कोणाच्या ताटांत पडलें, हें वहीवरून कळत नाहीं. कर्करोगाच्या गांठीविषयीं शास्त्रज्ञांची बरींच वर्षें अशीच स्थिति होती.

जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांना १९२० नंतरच्या दशकांत असें आढळलें कीं, कर्कपेशी द्राक्षशर्करा फार मोठ्या प्रमाणांत ओढून घेतात, आणि प्राणवायु भरपूर असतांहि तिचें दुग्धाम्ल करून बाहेर टाकतात. यावरून, या पेशींची श्वसनक्रियाच बिघडलेली असते, असें अनुमान त्यांनीं काढलें. आवक-जावक समजली होती. मधला प्रवास अज्ञात होता.

हा प्रवास पाहण्याचें साधन निसर्गांतच आहे. कार्बनच्या बहुतेक अणूंचा भार १२ असतो. शंभरांत सुमारें एकाचा मात्र १३ असतो. दोघांचे रासायनिक गुण जवळजवळ एकच. भेद काय तो वजनाचा. शिवाय हा जड अणु स्थिर आहे, म्हणजे त्यांतून किरण निघत नाहींत. म्हणून तो रोग्यास निर्धास्तपणें देतां येतो. रूडॉल्फ शोनहायमर आणि डेव्हिड रिटेनबर्ग यांनीं न्यूयॉर्क येथें १९३५ सालीं हायड्रोजनच्या जड भावंडाकडून असेंच खुणेचें काम करून घेतलें होतें.

कृति अशी: शस्त्रक्रियेच्या वेळीं १३ भाराच्या कार्बनची द्राक्षशर्करा रोग्याच्या शिरेंत सोडतात. काढलेल्या गांठीचा तुकडा तत्काळ गोठवितात, आणि त्यांतील रेणु अतिसूक्ष्म वजन करणाऱ्या यंत्रांत तोलतात. पेशीच्या ज्वलनचक्रांतील सायट्रिक आम्ल दोनानें जड भरलें, तर शर्करेचे दोन कार्बन तेथवर पोहोंचले, म्हणजे शर्करा नुसती आंबली नाहीं, जळलीहि, असें ठरतें.

अमेरिकेंत डॅलस येथें राल्फ डीबेरार्डिनिस व त्यांचे सहकारी यांनीं फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रोग्यांवर हे प्रयोग केले. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत दिसून आलें कीं, गांठ शर्करा जाळते, इतकेंच नव्हे, तर शेजारच्या निरोगी भागाहून अधिक जाळते. आणि एकाच गांठीच्या दोन भागांचा आहारहि वेगळा असूं शकतो. २०१७ सालीं तर असें दिसलें कीं, टाकाऊ समजलें गेलेलें दुग्धाम्लच कांहीं गांठी रक्तांतून घेऊन जाळतात.

या शोधाचें महत्त्व रोग्याला आहे. गांठीची एक वाट अडविणारें औषध दिलें आणि तिला दुसरी वाट मोकळी असली, तर औषध व्यर्थ जातें. कोणती गांठ कशावर जगते, हें आधीं कळणें म्हणूनच अगत्याचें आहे.